नमुना क्रमांक चार

३ फेब्रुवारी, मंगळवार
नव्या तपासणीसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं – तुलनेला. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "बाहेर कशाला शोधायचं? आपलीच माणसं घ्या." सहा जणांनी दिलं, मी धरून. स्टोअरवाले काका चौथे. सुई दिसताच डोळे गच्च मिटले. "बाई, निरोगी म्हणून घेताय ना? मग तसं लिहून द्या, घरी दाखवतो."
ट्यूबवर नावं नाहीत. नुसते आकडे, तेही मॅडम लावणार.

१० फेब्रुवारी
तपासणी ज्या जनुकाची, त्याचं नाव एमयूटीवायएच. उच्चारताना जीभ अडखळते! काम मात्र साधं. डीएनएची नक्कल होताना चुकीचं अक्षर बसलं, तर ते उपटून काढणारं एन्झाइम यातून बनतं. एक प्रत आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. दोन्ही बिघडल्या तर चुका साठत जातात – मोठ्या आतड्यात गाठी, पुढे कॅन्सर.

२० फेब्रुवारी
नमुना चार. दोन्ही प्रती बिघडलेल्या.
"कोणाचा?" मी मॅडमना विचारलं.
"माहीत नाही. कळवणार नाही असं आधीच लिहून घेतलंय सगळ्यांकडून. तुलनेला दुसरा नमुना मिळवा."
मी मान डोलावली. चौथे काका होते.

२३ फेब्रुवारी
काका हातमोज्यांची खोकी ठेवायला आले. "पोट कसं असतं हो तुमचं?" "दगड पचवतो!" मग उगाच खोकी मोजत बसले मी.

२६ फेब्रुवारी
सांगितलं. जिन्यात गाठून. आधी हसले, मग पायरीवरच बसले.
"मुलांना?"
"आधी तुमचं आतडं दुर्बिणीनं तपासून घ्या. गाठी वेळेत सापडल्या तर काढता येतात."
कठड्याला धरून उठले. मग म्हणाले, "मॅडमना कळलं तर तुमची नोकरी जाईल." स्वतःचं सोडून हे!

१० मार्च
काकांचा फोन. "आरशासारखं लख्ख आहे म्हणे! एक गाठ नाही."
बरं वाटायला हवं होतं. पण या वयात, दोन्ही प्रती बिघडलेल्या असून एकही गाठ नाही?

११ मार्च
मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "आकडे लावण्याआधी मी ट्यूब मुद्दाम उलटसुलट केल्या होत्या. कोणी असा अंदाज बांधू नये म्हणूनच."
कान तापले.

१२ मार्च
काकांची माफी मागितली. ते हातातलं रजिस्टर भरत राहिले. शेवटी म्हणाले, "दोन आठवडे मुलांची तोंडं बघायची चोरी झाली होती, बाई." एवढंच.
दुपारी मॅडमनी सहाही जणांना बसवून खरं ते सांगितलं. ज्याला कळून घ्यायचंय त्यानं पुन्हा रक्त द्यावं, नको त्यानं देऊ नये. सहाही हात पुढे आले. या वेळी ट्यूबवर नावं. काकांनी सुई माझ्याकडून नाही, दुसरीकडून टोचून घेतली.

१३ मार्च
काही नाही. काम.

२४ मार्च
चार नंबर मी.
मॅडम पाण्याचा ग्लास पुढे करत होत्या. म्हटलं, आधी एक फोन करू द्या. धाकट्या भावाला. आईवडील एकच – त्याच्यातही हे असण्याची शक्यता चारात एक. आठ वर्षांचा अबोला आमचा. नंबर तोच असेल की नाही, तेही ठाऊक नव्हतं.
दुसऱ्याच रिंगला उचलला.
"ताई? काय झालं?"
आवाज थेट बाबांचा. "आधी बस कुठेतरी," मी म्हटलं.