ब्रेक लागत होता

आंबेखिंड, ता. शिराळा
१२ जानेवारी

चि. दिग्विजय,

तात्याचा आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. म्हैस व्याली, रेडी झाली. वरच्या पट्टीतल्या उसाला अजून तोड आली नाही. तुझी आई उठते-बसते, स्वयंपाक करते, पण दादाचं, तुझ्या आबांचं, ताट अजून चुकून मांडते आणि मग उचलते. तिकडं बर्फ पडला असेल. पायमोजे कोरडे ठेवत जा.

हे फोनवर सांगितलं असतं. पण आबांचा विषय निघाला की तू ओरडतोस आणि तेवढ्यात रेंज जाते. मग तुझी आई दिवसभर फोन हातात घेऊन बसते. म्हणून लिहितो. पत्र मधेच तुटत नाही.

दादा ज्यात गेला तो ट्रक ठाण्यातून सोडवून आणला. ट्रॅक्टरनं ओढत आणून आपल्या शेडात घेतलाय. तू आबांचे दिवस घालून परत जाताना मला म्हणाला होतास, "तात्या, तुम्ही फौजेच्या वर्कशॉपात जन्म काढलाय. गाडी खोला आणि त्या महंमदनं काय घोळ घातलाय ते लिहून द्या." तेच काम हातात घेतलंय.

तपासणीला आलेल्या साहेबानं नुसतं वाकून बघितलं होतं. पुढच्या डाव्या चाकाकडं जाणारा ब्रेकचा पाइप तुटलेला दिसला, "ब्रेक निकामी" असं लिहिलं आणि गेला. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण नुसता तुटलेला पाइप बघून गाडीबद्दल लिहून द्यायचं, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

महंमद मेकॅनिकनं दिवाळीच्या आधी गाडीचं काय काय काम केलं होतं ते तुला पुरतं माहीत नसेल. लिलावातनं घेतला तेव्हा हा ट्रक म्हणजे धूड होतं. चारी चाकांना ताकद, कुठल्याही चढणीला चढणार, पण वळवायचा म्हणजे खांदे निखळायचे आणि ब्रेक म्हणजे पेडलवर उभंच राहायचं. पठारावरच्या धनगरवाड्याला एसटी जात नाही, जीप जात नाही. तिथलं रेशन, पाइप, सिमेंट सगळं दादाच पोचवायचा. त्याला गाडी हलकी करून हवी होती. महंमदनं जुना स्टेअरिंग बॉक्स काढून पॉवर स्टेअरिंग बसवलं. ब्रेकला जोर देणारा बूस्टर लावला, आणि ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर दोन भागांचा टाकला. त्यात पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी धरते.

उद्यापासून चाकांचे ब्रेक-ड्रम खोलतो.

महंमदचं गॅरेज सध्या बंद आहे. तुझा दोस्त पृथ्वीराज आणि तालमीतली पोरं या आठवड्यात दिसली नाहीत. असो.

तब्येत जप.
तात्या

* * *

आंबेखिंड
२१ जानेवारी

चि. दिग्विजय,

आशीर्वाद. तुझा फोन येऊन गेला असं वहिनी म्हणाल्या. मी शेडात होतो. खरं सांगायचं तर हाक ऐकू आली होती, पण उठलो नाही. आधी लिहून मोकळा होतो, मग बोलू.

चारी ड्रम खोलले. आत शू नवे, त्यांच्यावरचं घासणारं लायनर जाड, कुठं तेलाचा थेंब नाही. ड्रम निळा पडलेला नाही, जळाल्याचा वास नाही. घाटात ब्रेक दाबून दाबून तापला आणि धरेनासा झाला, तर ड्रम ते सांगतो. या ड्रमांना तापल्याची खूणच नाही.

तुटलेला पाइप सोडवून उन्हात धरला. तुटलेली कड लखलखीत होती. आधीपासून चिरलेला असता तर तिथं गंज धरला असता, तेल पाझरून धूळ चिकटली असती. हा पाइप गाडी झाडावर आदळल्यावर तुटलाय. मागची लाइन तर धडच होती.

स्टेअरिंगचंही तेच. दांडा वाकलाय, पण एकही सांधा निसटलेला नाही. महंमदनं घातलेल्या पिना जागच्या जागी आहेत, टोकं नीट दुमडलेली.

काल पठारावर जाऊन धनगरवाड्यातल्या रंगूबाईला भेटलो. त्या दिवशी गाडी आदळली त्याच वळणावर ती म्हसरं राखत होती. मी विचारलं, काय बघितलंस? ती म्हणाली, "गाडी उतराला लागली आन् इंजनाचा आवाज वाढतच गेला, बघा. मला वाटलं गुंडादादा मज्जा करत्यात."

दिग्विजय, ब्रेक गेला तर गाडी पळते, पण इंजिन असं ओरडत नाही.

ब्रेकचं पेडल सरळ आहे. अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा तळाला टेकून वाकलाय, म्हणजे पाय त्याच्यावर होता.

आबांच्या पायाबद्दल तुला कधी काही जाणवलं होतं का? आठवून कळव.

महंमद मिरजेला दवाखान्यात आहे. हाताला लागलंय.

तात्या

* * *

आंबेखिंड
९ फेब्रुवारी

दिग्विजय,

तुझं उत्तर आलं नाही. फोन मात्र तू वहिनींना केलास आणि म्हणालास की तात्याला त्या लोकांनी फितवलंय. ठीक आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

ट्रक उभा केला. वाकलेले दोन्ही दांडे सरळ करून घेतले, पाइप नवा टाकला, तेल भरून लाइनीतली हवा काढली. बाकी महंमदच्या कामातला एक नटसुद्धा मी बदललेला नाही, कारण मला त्याचंच काम तपासायचं होतं. पेडलवर पाय ठेवला आणि ते दगडासारखं ताठ उभं राहिलं.

मग त्याच उतारावर गाडी न्यायची ठरवली. निघताना वहिनी अंगणात आल्या. पदर खोचला आणि शेजारच्या सीटवर चढून बसल्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही नका येऊ." त्या म्हणाल्या, "चला भावजी. मला बघायचंय."

वरून निघालो. पहिल्या उतारावर दाबला, गाडी थांबली. पुढं जरा वेग दिला आणि पुन्हा दाबला, थांबली. त्या वळणावर, जिथं बाभळीची साल अजून सोललेली आहे, तिथं जोरात दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. स्टेअरिंग एका हातानं वळत होतं.

वहिनींनी त्या झाडाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे बिरेक लागत हुता."

"व्हय वहिनी."

"त्येंच्या पायाला कळत नव्हतं, भावजी. साखरंच्या दुखण्यानं पाय मेला हुता. गुऱ्हाळावर इंगळावर पाय पडला, कातडं जळाल्याचा वास मला आला, त्येंला पत्ता न्हाई. मी पट्टी बांधत हुते आन् ते हसत हुते. मला शपथ घातली. म्हनले, दिग्याला कळलं तर गाडी इकाय लावंल, आन् गाडी गेली की मी खाटंवरच मरंन."

मी गाडी तशीच उभी ठेवली. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "महंमद घरी येऊन सांगून गेला हुता मला. काकी, काका पेडल हुडकायला खाली बघत्यात, त्येंला चालवू देऊ नगा. मी त्येलाच रागं भरले."

आता तुला सांगायचं राहिलेलं सांगतो. पहिल्या पत्रापासून ते टाळत आलोय. तू तिकडं बर्फात बंदूक घेऊन एकटा उभा, आणि हे ऐकून काय करून घेशील याची धास्ती होती.

महंमदनं हीच गोष्ट ठाण्यात सांगितली होती. काकांच्या पायाला कळत नव्हतं, मी त्यांना नको म्हटलं होतं. पृथ्वीराज तिथंच होता. त्यानं तुला फोन केला. आणि तू तालमीच्या ग्रुपवर तुझ्या आवाजात निरोप टाकलास: "आमच्या आबाला मारून वर त्याला लंगडा म्हणतोय. ज्या हातानं आबाची गाडी खोलली, तो हात जाग्यावर ठेवू नका."

तू रागात बोललास. बाप गेलेला, मुलूख लांब, मला समजतं. पण या पोरांना तू म्हणजे फौजी. त्यांनी ते हुकमासारखं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजवर गेले. महंमद एका जीपखाली आडवा होता. त्यांनी जॅक लाथाडला. हात चाकाखाली होता हे दिसलंच नाही, असं आता म्हणतात. मिरजेच्या डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण जखमेचं विष चढायला लागलं. उजवा हात मनगटापासून काढला.

गावानं काय केलं? कुणी म्हणालं, बरं झालं. कुणी त्याच्या जातीवर गेलं. बरेच जण गप्प बसले. ड्रम उघडेपर्यंत त्या गप्प बसलेल्यांत मी होतो.

त्याला घरी आणल्यावर वहिनी आणि मी शिराळ्याला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको साबेरा दारात उभी होती, आत या म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं, गाडी खोलली, चालवून बघितली, ब्रेक चांगला होता, काम चोख होतं.  ती म्हणाली, "तात्या, हे आमाला काय सांगताय? आमाला म्हाईत हाय. जावा, गावाला सांगा."

आतून महंमदचा आवाज आला. "कोन, तात्या? पेडल ताठ हाय न्हवं?"

मी म्हटलं, "ताठ हाय, महंमद."

 वहिनींनी उंबऱ्याला हात लावला आणि आम्ही परत फिरलो.

रविवारी ग्रामसभा होती. तुझी आई आयुष्यात कधी त्या चावडीची पायरी चढली नव्हती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा पाय मेला हुता आन् मला ठावं हुतं. त्या पोरानं सांगितलं त्ये खरं हाय. तुमी त्येचा हात घेतला. मी गप बसले म्हनून घेतला." पृथ्वीराजचा बाप उठून बाहेर गेला. 

तिथून आम्ही थेट ठाण्यात गेलो. वहिनींनी जबाब दिला. मी गाडीचा जबाब दिला. साहेबांनी विचारलं, पोरांना कुणी काही सांगितलं होतं का? वहिनींनी माझ्याकडं बघितलं. ग्रुपवरचा तुझा तो निरोप माझ्याही फोनमध्ये आला होता. मला वाटलं, त्या आता नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "द्या भावजी."

मी दिला. साहेबांनी तो टेबलावर फोन ठेवून मोठ्यानं लावला. तुझा आवाज अगदी दादासारखा आहे. वहिनी खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

पृथ्वीराज आणि दोघांना धरलंय. तुझ्या युनिटला कागद जाईल. या पत्राच्या आधी पोचला तर तुझे सीओ साहेब तुला बोलावतील, मागून पोचला तर तू आपणहून त्यांच्यापुढं जा. गेलेलं बरं. तुझी नोकरी राहील का, मला सांगता येत नाही. मी फौजेत होतो, म्हणून तुला खोटी आशा दाखवत नाही.

ट्रक मी धनगरवाड्याला देऊन टाकायचं म्हणतोय. तुझी आई तयार आहे. तुझं काय म्हणणं ते कळव, नाही कळवलंस तरी चालेल.

सुट्टी मिळाली, किंवा तुला पाठवलंच, तर घरी यायच्या आधी शिराळ्याला उतर. साबेराच्या दारात जा. ती आत घेणार नाही, तू तिथंच उभा राहा. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही, मला ते येतही नाही. आई म्हणते, तिथून निघालास की मगच तिच्या हातचं खा.

मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर समोरच्या बाजूनं उभा राहणार आहे.

तुझाच,
तात्या