'निळी कक्षा' घरच्यांसोबत बघण्यासारखी आहे का?

२ जुलै, बुधवार
आमच्या मुलीला, मित्राला, भोपाळच्या कॉलेजात फिजिक्सला अ‍ॅडमिशन मिळाली. २७ला निघणार. ठरवलं: ती जायच्या आत तिघांनी एकत्र बसून एक अख्खी सिरीज बघायची. कंपनीतला नितेश म्हणाला, 'निळी कक्षा' बघ, अंतराळवाली, दहा एपिसोड, झकास आहे. पण हल्ली कशात काय दाखवतील भरवसा नाही. आधी मी एकटा तपासणार. एकवीस वर्षं मुलुंडला औषधांच्या कंपनीत पाकिटं तपासून पास-रिजेक्ट करतोय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

३ जुलै, गुरुवार, सकाळी ५.४०
एपिसोड एक. इअरफोन लावून. वही सोबत. शिव्या: चार (दोन इंग्रजी, दोन बहुतेक परग्रहावरच्या). २३व्या मिनिटाला चुंबन. यानात माणसं कमी, काम जास्त, तरी यांना हे सुचतंच कसं?

७ जुलै, सोमवार
एपिसोड दोन अजून अर्धाच. मध्ये झोप लागली. बायको, दर्शना, म्हणाली, सरळ बसून बघूया ना सगळे, मुलगी चाललीय. बायकांना प्रोसेस कळत नाही.

१३ जुलै, रविवार
ट्रायल घेतली. तिघं सोफ्यावर, कांदाभजी, सगळं व्यवस्थित. रिमोट माझ्याकडे. २३वं मिनिट आलं, मी फॉरवर्ड दाबलं. चुकून मागे गेलं. तेच परत. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नेमकं त्यावरच पॉज झालं. दर्शना भजी बघत होती. मित्रा म्हणाली, "पप्पा, मी अठराची आहे." आणि आत गेली.
रिमोट खराब आहे. ट्रायल एकंदरीत उपयुक्त ठरली.

१७ जुलै, गुरुवार, सकाळी ६
एपिसोड चार. काही कळेना. बाप तरुण आणि त्याची मुलगी म्हातारी. हा मेकअपवाल्याचा घोळ असणार, लिहून ठेवलं. तेवढ्यात मित्रा चहा घेऊन आली. दोन कप. शेजारी बसली. म्हणाली, "पप्पा, याला टाइम डायलेशन म्हणतात. तो खूप वेगाने गेला ना, म्हणून त्याच्यासाठी वेळ कमी गेला. समजावू?"
मी पेपर स्क्रीनपुढे धरला. म्हटलं, अजून पास झालेलं नाही, तू बघू नकोस. ती आपला कप घेऊन उठली. आत गेली. चहा चांगला होता.

२२ जुलै, मंगळवार
ओव्हरटाइम. एपिसोड सहा. यापुढे रोज दोन बघणार. हिशोब सोपा आहे: २५ला निकाल, २६ला तिघांनी बसून दहाच्या दहा. सलग. जेवण मध्ये.

२६ जुलै, शनिवार
मित्राच्या मैत्रिणी आल्या. मग मावशी आली. मग बॅगेची चेन तुटली, घाटकोपरला जाऊन नवीन बॅग आणली. आठवा एपिसोड राहिला. मित्राला म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, निकाल बहुधा पॉझिटिव्ह आहे. ती म्हणाली, "कसला निकाल?"

२७ जुलै, रविवार
सोडून आलो. गाडी वेळेवर सुटली. फलाटावर खूप काही बोलायचं होतं. म्हटलं, वरच्या बर्थवर पंख्याचं वारं लागतं, कान झाक. दर्शना घरी येईपर्यंत बोलली नाही. तिला प्रवास सोसत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
दहावा एपिसोड संपला. शेवटी तो बाप परत येतो आणि मुलगी त्याला ओळखतच नाही. डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीन जवळून बघितल्यामुळे.
निकाल: पास. घरच्यांसोबत बघण्यासारखी. काही हरकत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळी ७.३०
मित्राचा फोन. उचलल्या उचलल्या निकाल सांगितला. ती म्हणाली, "अरे वा." मग विचारलं, ते टाइमचं काय म्हणत होतीस, सांग ना आता. ती म्हणाली, "मोठं आहे पप्पा ते, नंतर सांगते, मेस बंद होईल. मम्मीला द्या ना फोन."
दिला. दर्शना फोन घेऊन किचनमध्ये गेली. पंचवीस मिनिटं बोलत होत्या. दोनदा मोठ्याने हसल्या.
दुसरा सीझन आलाय म्हणे. बारा एपिसोड. ती दिवाळीला येईल. उद्या सकाळपासून तपासायला घेतो.