शेगडीवर वाळवलेला स्पीकर

ता. ३ जुलै १९४४, सोमवार

रेडिओ मेला! आणि मुहूर्त बघून मेला, आजच.

सकाळी रतनबाई भांडी घासायला आली ती हसत-रडतच. तिचा महिपती इटलीत लढाईवर. तिच्या कुसगावात लष्करी कचेरीचा माणूस येऊन सांगून गेला — सोळा तारखेला, रविवारी संध्याकाळी, शिपाई रेडिओवरून घरच्यांशी बोलणार. त्यात महिपती आहे. दोन वर्षं तिनं पोराचा आवाज ऐकलेला नाही. पत्रं मी वाचून दाखवते, तर म्हणते, "बाई, पर ह्यो तुमचा आवाज झाला."

शेटलोकांचे बंगले पावसाळ्यात कुलूपबंद. जवळपास उरला तो आमच्या मोटारीतला रेडिओ. ह्यांनी जायच्या आधीच्या वर्षी केवढ्या हौसेनं बसवला होता. आता पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटार पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी. मी छाती ठोकून म्हटलं, आमच्याकडे ऐक. दुपारी लावून बघितला तर काय — फर्रर्र! माणूस बोलतोय की गोधडीत गुरफटून कण्हतोय, कळेना.

ता. ५ जुलै

चाँदभाई येऊन गेले. ह्यांच्या वेळचे ड्रायव्हर. त्यांनी स्पीकर खोलला. आत कागदाचा द्रोण! एवढी महागाची वस्तू आणि बोलतो कोण, तर कागद. मी बघतच राहिले. द्रोण फुगलेला, बुरशीनं काळा-हिरवा, कडेचा डिंक सुटलेला.

"मे महिन्यात पत्र्याखाली तापून डिंक करकरीत झाला," चाँदभाई म्हणाले, "वर आता ही ओल. कागदानं तरी किती सोसायचं? कोरड्या जागी ठेवा. सावकाश सुकू द्या."

कोरडी जागा! लोणावळ्यात, जुलैत! माझ्या बरणीत मिठाचं पाणी झालंय.

ता. ६ जुलै

काय करून बसले मी.

सगळी घरं करतात तेच केलं. शेगडीत निखारे, वर बांबूचं डालगं पालथं, डालग्यावर द्रोण. तान्ह्या पोरांची दुपटी अशीच वाळतात, धोतरं अशीच वाळतात. मनात म्हटलं, कागदाला काय होतंय. दूध उतू जायला लागलं म्हणून आत गेले. तेवढ्यात वास. धावले. एक बाजू तपकिरी, पापडासारखी कडक. उचलायला गेले तर हातात तडकली.

रतनबाई दारात उभी होती. पदर खोचून भांडी घासायला बसली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मेलीला नसता शहाणपणा!

ता. ७ जुलै

जेवण गेलं नाही.

ता. १० जुलै

चाँदभाईंनी तडकलेल्या जागी पतंगाचा कागद पातळ खळीनं चिकटवला. "आवाज येईल," म्हणाले. "कसा येईल ते विचारू नका." बॅटरी भरून आणतो म्हणाले.

ता. १६ जुलै, रविवार

झालं एकदाचं.

रतनबाईला मोटारीत ह्यांच्या जागेवर बसवलं. नवं लुगडं नेसून आली होती. आधी गाणं लागलं. चक्क वाजलं, बरं वाजलं! चाँदभाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग एकेक शिपाई. कोणी सातारचा, कोणी रत्नागिरीचा. आणि मग —

"आये, म्या महिपती. कुसगावचा. मी खुशाल हाये. तू काळजी करू नगंस. पावसात घोंगडं घेतल्याबिगर भायेर जाऊ नगं."

घोगरा, जाड आवाज. एवढंच. पुढचा शिपाई सुरू झाला. मी पदरानं डोळे पुसतेय आणि रतनबाई कोरडी ठाक.

"बाई, ह्यो माजा महिपती न्हाई."

मी चिडलेच. "अगं, नाव त्यानं सांगितलं, गाव सांगितलं! माझ्या हातून कागद भाजला, आवाज घोगरा येणारच!"

"कागूद भाजला म्हून मानूस बदलतंय व्हय?"

चाँदभाईंनी समजूत घातली. "मावशी, द्रोण जाड झाला की आवाज जाड येतो. पोरगा तुमचाच." तिनं स्पीकरच्या जाळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुमी दोगं म्हनताय तर आसंल."

ता. १८ जुलै

रतनबाईनं कुसगावात साखर वाटली. सगळ्यांना सांगते, पोरगा बोलला, मोटारीतल्या कागदानं आवाज वाईच बदलला व्हता. मला कुठं तोंड लपवू असं झालंय. दोन वर्षांनी तिला पोराचा आवाज मिळाला, तोही मी भाजून दिला. नवा स्पीकर मुंबईत मिळतो का, चाँदभाई विचारून आले. लढाई संपेपर्यंत नाही म्हणे.

ता. ११ ऑगस्ट

दुपारी फाटकाशी एक शिपाई. "कुसगावच्या रतनमावशी हितंच कामाला हायेत ना?"

मी ओट्यावर उभी होते, तिथंच थिजले. तोच आवाज. घोगरा, जाड. मध्ये रेडिओ नाही, कागद नाही, काही नाही.

रतनबाई हातातलं पातेलं टाकून बाहेर आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तो अंबाजी. तळेगावचा, महिपतीच्या पलटणीतला. मान खाली घालून म्हणाला, "मावशी, बोलायची पाळी त्याची व्हती. पर त्याच्या आदीच घशात गोळी लागली. त्यानं लिवून दिलं, म्या बोललो. जित्ता हाये त्यो, फुडल्या बोटीनं यील. पर आता बोलनार न्हाई."

रतनबाईनं त्याला ओट्यावर बसवलं. पाणी दिलं. मग समोर बसली आणि म्हणाली, "त्या दिशी बोल्लास, ते पुन्यांदा बोल."