खाडीच्या गाळात सापडलेलं तुमचं औषध

बाबा, आज तुमचं औषध सापडलं. गवत मारायचं, ते. माहीमच्या खाडीत नाला मिळतो तिथे, तिवरांच्या आडोशाला पाइप रोवून आम्ही गाळाची उभी कांडी काढली होती. वरचा थर अलीकडचा, खाली जावं तितका जुना. प्रयोगशाळेत तिच्या चकत्या कापून एकेक तपासली. पाण्यात काही नाही, वरच्या चकत्यांतही नाही. खाली, तुम्ही कामाला होतात त्या वर्षांच्या थरात मात्र तणनाशकाचा अंश निघाला. इतका बारीक, की मशीन नसतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही कंत्राटदाराकडे लागलात. पाठीवर पंप घेऊन नाल्याच्या कडेनं फवारत जायचं. संध्याकाळी लालबागच्या खोलीवर आलात की आई दारातच अडवायची, "पयली आंघोळ करा, मगे चायेक हात लावा." तुम्ही मोरीत शिरायचात. एकदा मी त्या पंपाची नळी घेऊन खेळत होते, तर थाडकन मारलंत. जन्मात एकदाच. "ईख आसा ता, चेडवा!" म्हणालात आणि ते विष जावं म्हणून माझे हात साबणानं असे घासलेत, की मारापेक्षा त्यानंच मी जास्त रडले. मग खाली नेऊन चिक्की घेऊन दिलीत. नाल्याचं पाणी पुढे कुठे जातं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं असतं थोडंच!

दुपारी आलेख बघून माझी सहकारी म्हणाली, "कोण गाढव गं, नाल्याच्या तोंडाशी हे मारत होतं?" डोकंच फिरलं माझं. "पोटासाठी मारत होते!" अशी ओरडले, की ती बिचारी चहा सोडून बघतच राहिली. मग तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा तीच समजुतीनं म्हणाली, नक्की कुणी फवारलं ते गाळ सांगत नाही. खरंय. शहरात कितीतरी पंप फिरत होते. आकडा मी आला तसाच अहवालात लिहिलाय, तुमच्यासाठी टिंबसुद्धा इकडचं तिकडे केलं नाही. केलं असतं तर तुम्हीच मला फैलावर घेतलं असतंत.

आता तुम्ही नसताना हे पत्र कुठे टाकणार? घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवते. एकच सांगायचं राहिलं. आपल्या खाडीत विष निघालं, वाईट वाटायला हवं होतं. पण पडद्यावर ती रेघ वर चढली तेव्हा मला आधी आनंद झाला. वाटलं, बाबा आले कामावरून.