धाकटीची तब्येत

सोमवार, ४ मार्च

धाकटीला कणकण आहे! मी म्हणते म्हणून नाही — आकडाच सांगतोय. तोल सांभाळणारी चाकं आहेत ना तिच्यात, त्यातलं एक गरम होत चाललंय. आमच्या सगळ्या अंतराळयानांत हीच इवलीशी, म्हणून धाकटी. ते चाक अडकलं तर ती सूर्याकडे पाठ फिरवेल, बॅटरी संपेल आणि खेळ खलास.

साहेबांना म्हटलं, चाकाला विश्रांती देऊ या, आजच आदेश सोडू. तर म्हणे, "वैद्यबुवा काय म्हणतात?" वैद्यबुवा म्हणजे नवी एआय यंत्रणा. यानांच्या नाड्या आता तीच बघते. वैद्यबुवा म्हणतात — प्रकृती उत्तम. हिरवा दिवा. "मग झालं तर! तू फार जीव लावतेस."

लावते! पण पूर्वी आदेश मी सोडायचे. आता वैद्यबुवांचा होकार नसेल तर बटणच दाबलं जात नाही.

मंगळवार, ५ मार्च

परत गेले साहेबांकडे. परत तेच. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि चक्क रडले. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "घरी काही झालंय का?" काय सांगणार, कपाळ!

बुधवार, ६ मार्च

उतरलं! चाकाचं तापमान उतरलं! धाकटीचे आकडे ज्या अँटेनावर येतात, तिच्यावर आज आमची पाळी होती. (रोज मिळायची, आता एक दिवसाआड — उरलेला वेळ नव्या थोरल्या यानाला.) पाळी संपली, पडद्यावर बघते तर रेघ खाली. साहेबांनी सगळ्यांसमोर चिडवलं, "काय, कशी आहे तुझी पेशंट?" चिडवा खुशाल! आज मला कशाचाही राग येत नाहीये.

सासूबाई रोज विचारतात, "धाकटी बरी का गं?" आज मी दारातूनच ओरडले, "ठणठणीत!" त्यांनाही बरं वाटलं. त्यांना वाटतं तिथे वर तिला थंडी वाजत असेल.

गुरुवार, ७ मार्च

छान झोप लागली.

शुक्रवार, ८ मार्च

ती रेघ मला आवडत नाहीये. फार गुळगुळीत आहे. धाकटीचा आकडा असा कधी नसतो — जरा वर, जरा खाली, तिची चुळबुळ चालू असते. बुधवारपासून ती चुळबुळच नाही.

वैद्यबुवांची देखभाल करणाऱ्या पोरीला गाठलं. ती सहज म्हणाली, "अहो, आकडे आले नाहीत की वैद्यबुवा स्वतःच अंदाजाने भरतात. त्यांच्या लेखी ती निरोगी, म्हणून निरोगीच भरतात."

"मग अंदाजाची रेघ वेगळी का नाही दाखवत?"

"दाखवत होतो, तुटक. पण साहेबांना तुटक रेघ आवडत नाही."

अँटेनावाल्यांना फोन लावला, उचलला नाही. साहेब मीटिंगमध्ये. काचेतून त्यांना हातवारे करत राहिले. त्यांनी हसून अंगठा दाखवला.

शनिवार, ९ मार्च

अँटेनावाले दादा भेटले फोनवर. "बुधवारी काही आलं नाही, ताई. कालही नाही. नुसती खरखर. आम्ही लगेच कळवलं होतं की!"

कुणाला?

"वैद्यबुवांना. आता सगळं त्यांनाच कळवायचं ना?"

म्हणजे बुधवारी मी दारातून ओरडले, तेव्हा ती आधीच गेली होती.

साहेब डोकं धरून बसलेत. घरी सासूबाई विचारतील. समोर पडद्यावर दिवा हिरवा आहे. प्रकृती उत्तम.