चार अंडी आणि माझी खुर्ची

वेनबी, सफोक
बुधवार, २१ मे

प्रिय डॉर्कसताई,

धाकट्या सिरिलचा मनापासून नमस्कार. तुझी कंबर, तुझ्या खोलीतली ओल आणि तुझा ब्रिगेडियर (कुत्र्याचं नाव लिहितानाही माझ्या पोटरीत कळ येते) यांची खुशाली कळव. तुझ्या खाली राहणाऱ्या बाईंनी पियानो विकला की नाही, तेही कळव. मी बरा आहे. छातीत धडधडतं, पण डॉक्टर म्हणाले, ते हृदयाचं नाही, चहाचं आहे. मी चहा दोन कपांवर आणला, तर आता धडधडत नाही याचीच काळजी वाटते.

ताई, यंदाचा वसंत तू पाहायला हवा होतास. माळावर गॉर्सची काटेरी झुडपं इतकी पिवळी झाली आहेत, की सकाळी धुकं पडलं तरी धुक्याच्या आत कुणीतरी दिवा लावून ठेवल्यासारखं वाटतं. ऊन चढलं की त्या फुलांना खोबऱ्याचा वास येतो. चंडोल वर जातो आणि दिसेनासा होतो, आवाज मात्र तिथेच टांगलेला राहतो. मी सायकल हातात धरून त्या वाटेने किनाऱ्यावर जातो. (चढत नाही. वाटेवर अॅडर साप ऊन खात पडलेले असतात आणि त्यांच्यावरून चाक गेलं तर मी काय तोंड दाखवू?) मग माळ संपतो, गोटे सुरू होतात आणि समुद्र इतका हळू श्वास घेत असतो, की आपण त्याच्या झोपायच्या खोलीत शिरलो की काय असं वाटून मी टोपी काढतो.

तर मी पक्ष्यांचा राखणदार झालो आहे, हे तुला कळवायचं राहिलं. पगार नाही, पण पिवळं जाकीट मिळतं. इथली वॉर्डन इमोजन म्हणून एक मुलगी आहे. वय तीसही नसेल, पण बोलते मॅट्रनसारखी. मेच्या तीन तारखेला तिने मला किनाऱ्यावर नेलं, एका जागी थांबवलं आणि म्हणाली, "सिरिल, खाली बघा. पाय हलवू नका." मी बघितलं. गोटे होते. पुन्हा बघितलं. गोट्यांतले चार गोटे म्हणजे अंडी होती. कंठेरी चिखल्याची. गळ्यात काळा पट्टा बांधलेला तो मूठभर पक्षी तू लहानपणी पाहिला आहेस. तेव्हा दर शंभर पावलांवर एक घरटं असायचं. या वर्षी आपल्या अख्ख्या किनाऱ्यावर हे एकच आहे. अंडी फुटायला चोवीस दिवस लागतात, म्हणजे येत्या मंगळवारपर्यंत त्यांच्यावर पाय, पंजा किंवा पतंगाचा दोरा काही पडता कामा नये. इमोजनने चारी बाजूंना खांब रोवून दोरी बांधली आणि मला दोरीबाहेर, लाकडी बांधाजवळ, घडीच्या खुर्चीवर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला गोड शब्दांत दूर पाठवायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं, एवढंच काम.

पण ताई, बांधाजवळून मला अंडी दिसेनात. माझे डोळे तुला माहीतच आहेत. जी गोष्ट दिसत नाही ती राखायची कशी? चाळीस वर्षं पावाची गाडी चालवली, पण मागचं दार लागलंय का हे दर वळणावर उतरून बघायचो. तसंच इथे झालं. दुसऱ्या दिवशी खुर्ची पाच पावलं पुढे घेतली. तिसऱ्या दिवशी आणखी पाच. आठवडा संपेपर्यंत मी दोरीच्या आत, अंड्यांपासून चार हातांवर बसलो होतो आणि मनाला फार शांत वाटत होतं.

तेव्हा ती आली, चिखल्याची मादी. अगदी माझ्या बुटांसमोर. एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर ओढत, एका अंगावर कलंडत, केविलवाणं ओरडत. मला वाटलं, कुणाच्यातरी कुत्र्याने धरलं असणार. (ब्रिगेडियर त्या दिवशी तुझ्याकडेच होता, हे मी आठवून बघितलं.) मी उठलो. ती चार पावलं सरकली. मी चार पावलं गेलो. कुणी असं खुरडत पुढे चाललं की हात पुढे करून मागोमाग जायची सवय मला माझ्या हेस्टरच्या आजारपणात, शेवटच्या दोन वर्षांत लागली, ती आता जात नाही. असे आम्ही दोघं त्या गोट्यांवरून निघालो. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला पांढऱ्या फुलांच्या गाद्या, मध्ये ती आणि तिच्यामागे, तिला भरवायला डबीत अळ्या घेऊन, मी. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तर वाटलं, आपण असेच चालत हॉलंडला पोहोचणार. जुन्या टेहळणीच्या खोपट्याजवळ ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही पंखांनी सरळ उडून गेली.

मला इतका आनंद झाला. मी समजलो, चालण्याचा व्यायाम झाला, पंख बसला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक जखमी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक, जेवणानंतर एक. मी प्रत्येकीला खोपट्यापर्यंत सोबत केली आणि प्रत्येक बरी होऊन उडाली. वहीत नीट लिहून ठेवलं: 'जखमी पक्षी अकरा. सर्व बरे.' मला वाटलं, वहीवर कौतुकाचे दोन शब्द मिळतील.

परवा इमोजनने वही वाचली. वाचता वाचता बांधावर बसली. मग म्हणाली, "सिरिल, अकरा नाहीत. एकच आहे. आणि तिला काहीसुद्धा झालेलं नाही." मी म्हटलं, "मग ती असं का करते?" तर म्हणाली, "कोल्हा घरट्याजवळ आला की ती असं सोंग करते. त्याला लांब नेते."
"पण इथे कोल्हा नव्हता. मी होतो."
"हो ना," ती म्हणाली. मग वही मिटली. रागावली असती तर बरं झालं असतं.

ताई, मी खोपट्याकडे चालत असताना ती अंडी उघडी, गार वाऱ्यात पडून होती. आत अजून जीव आहे का, हे कुणालाच माहीत नाही. इमोजनने दुर्बिणीतून पाहिलं, मादी परत येऊन बसली आहे, म्हणजे तिने तरी आशा सोडलेली नाही. पण माझं पिवळं जाकीट बांधापाशी दिसलं तरी ती अंड्यांवरून उठते. म्हणून मला किनाराबंदी झाली आहे. रात्री खिडकी उघडी ठेवून पडलो की माळावरून रातवा पक्ष्याची एकसुरी घरघर ऐकू येते, लांब कुणीतरी सूत काततंय अशी, आणि त्या सुरात मला झोप लागते, आणि झोपेत मी तिच्या मागे चालत असतो.

बाकी सर्व क्षेम. पियानोचं नक्की कळव.

तुझा धाकटा भाऊ,
सिरिल

ता. क. सोमवारी सुट्टी आहे. शनिवारपासून किनाऱ्यावर माणसं, मुलं, कुत्री लोटतील आणि बांधाजवळची खुर्ची रिकामी आहे. बाकीचे सगळे राखणदार माळावर वणव्याच्या पहाऱ्याला आहेत. तू शाळेच्या भोजनगृहात तीस वर्षं उभी होतीस आणि नुसत्या नजरेने तीनशे पोरं गप्प करायचीस. तीन दिवसांचा प्रश्न आहे. समुद्राचा वारा तुला सोसत नाही आणि पक्ष्यांबद्दल तुझं मत काय आहे ते माझ्या लक्षात आहे.

ता. क. २. ब्रिगेडियरला किनाऱ्यावर आणता येणार नाही. तो माझ्याकडे राहील. मी जाड बूट काढून ठेवले आहेत.

ता. क. ३. विचार करायला वेळ घे, असं लिहिणार होतो, पण राखणदारांच्या फळ्यावर तुझं नाव मी कालच लिहून आलो. वयाचाही रकाना होता. तिथे एकोणसत्तर लिहिलं आहे. कुणी विचारलं तर सांभाळून घे.

ता. क. ४. खुर्ची दोरीबाहेरच ठेव. तरी कधी ती पंख ओढत तुझ्यासमोर आलीच, तर हळूच उठ आणि खुर्ची मागे घे. तिच्याकडे बघू नकोस. बघितलंस तर जावंसं वाटेल.