बोटांना चालेल असा संगणक

बाई,

गुडघे कसे आहेत तुमचे? टायपिंगच्या क्लासचा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबून तुम्ही खालच्या गिरणीवाल्याला काहीतरी विचारायचात, ते दम घ्यायला, हे आम्हा सगळ्या मुलींना ठाऊक होतं. आता जिथे आहात तिथे जिने नसावेत. सरांचा खोकला कसा आहे? तुमच्या सासूबाईंची कंबर? आणि तीन नंबरच्या मशीनचा दमा? गिरणीचं पीठ खिडकीतून येऊन त्याच्या पोटात बसायचं, आणि ओळीच्या मध्येच ते धापा टाकायला लागायचं. मी ते रोज ब्रशने साफ करायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरंच. आमच्या घरचं विचाराल तर यांची साखर आटोक्यात आहे, मुलगा चाकणला शिफ्टमध्ये अडकलेला असतो, सून तळवड्याला संगणकाच्या कंपनीत आहे आणि पाठदुखी सोडली तर ठणठणीत आहे. राहिले मी. माझं डोळ्यांचं झालंय. सांगवीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग हळूहळू धूसर होत जाणार. कडेचं दिसेल, चालता-फिरता येईल, पण समोर धरलेलं अक्षर दिसणार नाही. वर्ष, दोन वर्षं, कोणी सांगावं. मी त्यांना विचारलं, "वाचता येणार नाही हे कळलं. लिहिता येईल का?" ते म्हणाले, "आजी, बघितल्याशिवाय कसं लिहिणार?" मला तेव्हा तुमची आठवण आली, आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं.

तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या हातांवर जुन्या साडीचं फडकं टाकलं होतंत. मी लातूरकडून लग्न होऊन नुकती आलेली, यांची कंपनीत फिटरची नोकरी, आणि मला ऑफिसात टायपिस्ट व्हायचं होतं. मी फडक्याखालून बघायला मान वाकडी केली तर तुम्ही म्हणालात, "खाली काय बगती? अक्षरं काय पळून जात न्हाईत." शिकवताना तुम्ही पुस्तकी बोलायचात आणि चिडलात की चिंचवड गावाची भाषा बाहेर यायची. मग शांत होऊन म्हणालात, "डोळे कागदावरच्या मजकुरासाठी आहेत. मशीन बोटांचं आहे." पुढे तीस वर्षं मी त्याच बोटांवर जगले. ओव्हरटाइमच्या याद्या, नोटीस बोर्डावरच्या सूचना, साहेबांची मराठी पत्रं. निवृत्तीनंतर घरच्या संगणकावर जुन्या टाइपरायटरसारखी कळफलकाची मांडणी देणारा एक प्रोग्राम कोणीतरी घालून दिला होता. त्यावर मी सोसायटीच्या नोटिसा, बहिणीला पत्रं आणि कोणाला न दाखवण्यासारखं बरंच काही लिहीत आले.

आता तो संगणक म्हातारा झाला, आणि तो प्रोग्रामही उघडेनासा झाला. त्यातल्या जुन्या विंडोजला फुकट मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती बंद झाली, आणि नवी विंडोज म्हणते, हे यंत्र मला चालत नाही. मुलगा म्हणाला नवा लॅपटॉप घेऊ. मी सुनेला विचारलं, "ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नेमकं काय गं? संगणक वेगळा आणि ही वेगळी?" ती कणीक मळत होती. म्हणाली, "आई, कंपनीत मशीन असतं आणि शिफ्टचा सुपरवायझर असतो ना? कोणी कधी काय करायचं ते तो ठरवतो. तसंच." मी म्हटलं, "मग सुपरवायझर बदलला तरी मशीन तेच?" "तेच." "अगं बाई! म्हणजे मी आजवर सुपरवायझरलाच मशीन समजत होते!" तेव्हापासून मला त्याचा नादच लागला. हे म्हणाले, "सत्तरीत बायका तीर्थाला जातात, आमची सुपरवायझर शोधत हिंडतेय."

हिंडलेच मी. तुम्ही जुनं मशीन विकत घ्यायला जायचात तेव्हा मला बरोबर न्यायचात ते आठवतं. दुकानदार रंग दाखवायचा, रोलर दाखवायचा. तुम्ही ऐकून घ्यायचात, कागद चढवायचात, डोळे मिटायचात आणि तुमची ती एकच ओळ मारायचात: "ठेंगण्या वैद्याने छत्री झटकली, ढोकळा फडक्यात बांधला आणि ज्ञानाच्या ओढीने घाटापलीकडे गेला." ओळ सरळ आली तर पुढचं बोलणं. आम्ही मुली मागून कुजबुजायचो, वैद्याने एवढा ढोकळा नेला कुणासाठी. तीच ओळ आणि सुनेला घेऊन मी घरोघर गेले. भाचीकडे मॅक आहे. इतकं देखणं की हळदीचे हात दोनदा धुऊन मग बसले. पडदा स्वच्छ, अक्षर मोठं करायची सोय छान. सुनेच्या लॅपटॉपवर नवी विंडोज. तिथे सगळं ओळखीचं, प्रिंटर जोडला की लगेच पान बाहेर, आणि पडद्यावर भिंग धरल्यासारखं अक्षर मोठं होतं. शेजारच्या काकूंच्या नातीकडे नुसत्या इंटरनेटवर चालणारा हलका लॅपटॉप आहे. तो उघडतो पटकन, पण खानावळीतल्यासारखं, वाढतील ते जेवायचं. तिन्ही चांगले. पण तिन्हीकडे डोळे मिटून ओळ मारली आणि सून खो खो हसली. तुम्हाला माहीत आहेच, आपल्या मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. इथे अक्षर आधी, वेलांटी नंतर, आणि अक्षरांच्या जागाही वेगळ्या. माझी बोटं आपल्या सवयीने वेलांटी पुढे टाकतात आणि ती भलत्याच अक्षराच्या गळ्यात जाऊन पडते. वैद्याचा तर चेंदामेंदाच झाला होता.

हे म्हणाले, "अगं, फोनमध्ये बोलून लिहायची सोय आहे. बोल की, होतंय लिहून." करून बघितलं. चांगलं लिहितो फोन, खोटं कशाला बोलू. पण बोलताना मला वाक्य सुचत नाही, बाई. बोटं हलली की सुचतं. आणि दुसरं असं की माझं अर्धं लिहिणं यांच्याविषयीच असतं. ते यांच्यासमोर मोठ्याने कसं सांगायचं?

मग एका रविवारी सून एक पेन ड्राइव्ह घेऊन आली. म्हणाली, "आई, ही लिनक्स. यावरूनच चालवून बघू, जुन्या संगणकातलं काही पुसलं जाणार नाही. नाही आवडली तर काढून ठेवू." तोच म्हातारा संगणक, नवा सुपरवायझर, आणि तो कुरकुर न करता उठून बसला! त्यात टाइपरायटरसारखी एक मांडणी मिळाली, पण हिंदीची. मी डोळे मिटले. वेलांटी आधी मारली, मग अक्षर, आणि सून ओरडली, "आई, बसली जागेवर!" छत्री आली, वैद्य आला. ढोकळ्याला मात्र गडबड, ळ माझ्या बोटाखाली नव्हताच. अशी आणखी सात-आठ अक्षरं परक्या घरी गेलेली. माझा चेहरा पडला. सून म्हणाली, "थांबा." तिने कुठलीशी फाइल उघडली. साधा मजकूर, बाई, वाण्याच्या यादीसारखा: ही कळ, हे अक्षर. ती म्हणाली, "हे आपण बदलू शकतो. विंडोजमध्येही वेगळा प्रोग्राम घेऊन करता येतं, पण आपल्या यंत्राला नवी विंडोज चालतच नाही. सांगा, ळ कुठे होता?"

आणि मला सांगता येईना. तीस वर्षं मारलेला ळ, आणि तो कुठे होता ते डोक्यात नाहीच. मी गोंधळले. सून म्हणाली, "मग टेबलावरच मारा." तिने कळफलक बाजूला सरकवला. मी जेवणाच्या टेबलावर हात ठेवले, डोळे मिटले आणि "काळी गाय तळ्याकाठी" असं मारू लागले. ती खाली वाकून कुठलं बोट कुठे जातंय ते बघत होती. "परत." मी परत मारलं. "तीन वेळा तिथेच गेलं. लिहिते." असे आमचे चार रविवार गेले. आम्ही सासू-सून एरवी भाजीतल्या मिठावरूनही वाद घालतो, पण त्या टेबलावर ती माझ्या बोटांकडे अशी बघत होती की मला संकोचच वाटला. माझ्या हातात एवढं काही शिल्लक आहे हे मलाच माहीत नव्हतं. ती एकदा म्हणाली, "तुमच्या बाईंनी हे पक्कं बसवलंय हं."

सगळं सोपं झालं असं समजू नका. प्रिंटर ओळखीचा व्हायला एक अख्खा रविवार गेला. लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज नाकात बोलतो, सर्दी झालेल्या मास्तरसारखा. मुलगा अजूनही म्हणतो, बंद पडलं तर दुरुस्तीला न्यायचं कुठे? त्याचं चुकत नाही. ज्याला तिकीट काढायचं, फोटो बघायचे, त्याने ओळखीचं सोडून इकडे यावंच असं मी म्हणणार नाही. पण मला लिहायचं आहे, न बघता. हे पत्र मी पडदा बंद करून लिहिते आहे. मधूनमधून तो नाकातला आवाज वाचून दाखवतो. ओळी सरळ येताहेत, बाई. डॉक्टरांना पुढच्या वेळी सांगणार आहे.

तुम्ही गेलात तिथे टपाल पोचत नाही, तेव्हा पाठवणार कुठे, हा प्रश्न आहेच, म्हणून फाइल तुमच्या नावाने ठेवून देते. पण एक सांगायचं राहिलं. सगळी अक्षरं टेबलावर सापडली, एक सोडून. ऋ. बोटं हवेतच थांबली, कुठेच जाईनात. सुनेने तीनदा विचारलं, मी म्हटलं विसरले. विसरले नाही. ते अक्षर तुमच्या ओळीत नव्हतं, क्वचित यायचं, आणि आलं की मी फडक्याची कड उचलून खाली बघायची. परीक्षेतसुद्धा बघितलं. तुम्ही तेव्हा दाराशी उभ्या होतात. दिसलं असेल तरी बोलला नाहीत. वर लिहिलेलं ते अक्षर सुनेने दुसरीकडून उचलून इथे चिकटवून दिलंय. ती म्हणते, कुठल्याही रिकाम्या कळेवर ठेवून टाकू. मी तिला अजून ठेवू दिलेलं नाही. आपल्या मशीनवर ते कुठे होतं तेवढं कळवा. डोळे आहेत तोवर शिकून घेईन. उत्तर लवकर लिहा, बाई.